घरातली एकच भाषा

आमच्या घरात मराठी बंद पाडली ती कुठल्या सरकारने नव्हे, आमच्या मुलीच्या स्पीच थेरपिस्टने. तीही अगदी गोड आवाजात. तिने आवाज चढवला असता, तर मी तिथल्या तिथे भांडून मोकळी झाले असते. पण समोरचं माणूस गोड बोलायला लागलं की मला काही सुचतच नाही.

आम्ही भोपाळला आलो नवऱ्याच्या नोकरीपायी. अवधपुरीजवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात तो इंजिनिअर आहे. आलो तेव्हा आमची एकुलती एक लेक चालायची, धावायची, गॅलरीच्या गजांना धरून तासन् तास उभी राहायची, पण बोलायची नाही. सांगलीहून सासूबाई फोनवर समजूत घालायच्या, "अगं, तिचा बापही उशिराच बोलला. आता गप्प बसवता येतंय का त्याला?" मलाही ते खरं वाटायचं, कारण खरं वाटून घेण्यात सोय होती. मग एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला आणि टी. टी. नगरमधल्या एका सेंटरचा पत्ता लिहून दिला.

अशा मुलांना बोलतं करणारी माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमचा नंबर लागेपर्यंत पावसाळा येऊन गेला. सेंटरच्या जिन्यावर माझ्या शेजारी बसलेल्या बाया रायसेन, विदिशाकडून पहाटेच्या बसने आलेल्या असायच्या. पोर मांडीवर झोपलेलं, पिशवीत पुरी-भाजी, आणि आत मिळणार पाऊण तास. त्यांच्यापुढे आपण नशीबवान, असं मी मनाला बजावायचे. मन ऐकायचं नाही.

थेरपिस्ट वयाने लहान होती, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिथे सगळे पालकांना मम्मी आणि पापाच म्हणायचे, नावं कुणाला ठाऊकही नसायची. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "मम्मी, घर में क्या बोलते हैं आप लोग?"

"मराठी," मी म्हटलं.

"और बाहर?"

"बाहर हिंदी."

"बस, यही दिक़्क़त है. बच्ची कन्फ्यूज़ हो रही है. घर में एक ही भाषा रखिए, मम्मी. मराठी में तो यहाँ कोई थेरेपी देगा नहीं. हिंदी रख लीजिए."

ती खोटं काही बोलत नव्हती. शाळा हिंदी, शेजार हिंदी, थेरपी हिंदी. पोरीला उद्या पाणी मागायचं तर ते 'पानी' म्हणूनच मागावं लागणार. नवरा परत येताना गाडीत म्हणाला, "ठीक आहे. हिंदी तर हिंदी. बोलली म्हणजे झालं." मीही मान डोलावली. आपल्या लेकराच्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळणार असेल तर मी चिनीसुद्धा शिकले असते.

आता माझी हिंदी म्हणजे काय विचारता! भाजीवाल्यापुरती बरी होती. पण मुलीला न्हाऊ घालायचं, भरवायचं, दटावायचं, लाडीगोडी लावायची, हे सगळं हिंदीत करायचं म्हणजे रोज परीक्षेला बसल्यासारखं. 'अगं बाई, किती घाम आलाय माझ्या सोनीला' हे हिंदीत कसं म्हणतात? मी म्हणायचे, "पसीना आया." संपलं. निम्मी माया भाषांतरातच गळून जायची. शब्दांच्या लिंगाचा तर मी रोज खून पाडायचे. एकदा थेरपिस्ट कौतुकाने म्हणाली, "बच्ची बहुत चेष्टा करती है," आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी मुलगी कुणाची चेष्टा करेल? तिला आधी माणसं तरी दिसायला हवीत ना! घरी येऊन नवऱ्याला तावातावाने सांगितलं तर तो पोट धरून हसला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला त्या दिवशी कळलं.

हसायला ते तसं ठीक होतं. पण नवरा कारखान्यात जायचा. तिथे नागपूरचे, पुण्याचे चार मराठी लोक होते. जेवणाच्या सुट्टीत त्याचं मनसोक्त बोलून व्हायचं. घरी आला की तो दमलेला, आणि दमलेल्या माणसाला कमी शब्दांची भाषाच बरी वाटते. मी मात्र दिवसभर त्या तीन खोल्यांत, न बोलणाऱ्या मुलीबरोबर, दुसऱ्याच्या भाषेत. गणपतीत इथल्या मराठी मंडळात जाता आलं असतं. एका वर्षी गेलोही. लाउडस्पीकर सुरू झाल्याबरोबर मुलीने कान झाकून जमिनीवर लोळण घेतली. नागपूरकडच्या एक काकू, ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून हिंदीमिश्रित मराठी चालते, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इसको ज़रा धाक दाखवत जा बाई, तू लयच लाडावून ठेवली." मी त्यांना जे उत्तर दिलं ते गणपतीपुढे देण्यासारखं नव्हतं. पुन्हा आम्ही मंडळात गेलो नाही.

मग मी स्वयंपाकघरात मराठी बोलायला लागले. दुधाशी बोलायचे, 'थांब रे, उतू जाऊ नकोस मेल्या.' कुकरला शिव्या घालायचे. मुलगी बाहेर चमचे ओळीने मांडत बसलेली असायची, तिच्या कानावर पडू नये म्हणून आवाज दाबून. आपल्याच घरात आपलीच भाषा चोरून बोलणारी मी एकटीच असेन. सासूबाईंचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायचे. त्या एकदा म्हणाल्या, "पोटच्या पोरीशी परक्यासारखं बोलतेस, तुझं तुला काही वाटत नाही?" मी म्हटलं, "वाटतं हो आई. वाटून काय करू?" आणि फोन ठेवल्यावर खूप रडले.

मुलगी मला हाक मारत नव्हती. कुठल्याच भाषेत नाही. तहान लागली की माझा हात मनगटाला धरायची आणि फ्रिजकडे न्यायची, चेहऱ्याकडे न बघता. झाकण उघडायला माझा हात, पंखा लावायला माझा हात. मला वाटायचं, हिला माझा हात माहीत आहे, मी माहीत नाही. हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही. बोलले असते तर त्याने समजूत घातली असती, आणि मला समजूत नको होती. मला फक्त तिने एकदा, माझ्याकडे तोंड करून, मारलेली हाक हवी होती. बाकी सगळं तिने सावकाश शिकलं असतं तरी चाललं असतं.

पुढे सेंटरने अवधपुरीत शाखा काढली. शाखा म्हणजे एका बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोठा आरसा, रंगीत गाद्या आणि तीच थेरपिस्ट, आठवड्यातले काही दिवस. टी. टी. नगरच्या गर्दीतून सुटका झाली. थेरपिस्टही बापडी सकाळी तिकडे, दुपारी इकडे अशी धावत असायची, डबा कित्येकदा तसाच परत न्यायची. तिथे बाहेरच्या खोलीत आम्ही आया बसायचो. आतून आवाज यायचा, "मम्मी, आइए," की चार-पाच जणी एकदम उठायच्या. सगळं जग मला मम्मी म्हणत होतं, एकटी माझी मुलगी सोडून.

आणि एका सकाळी ती बोलली.

मी पोळ्या करत होते. ती नेहमीसारखी गॅलरीत गजांना धरून उभी. तिकडून आवाज आला, स्पष्ट, मोठा, शेवटचं अक्षर लांबवलेला: "आईऽ!"

मी लाटणं हातात घेऊनच धावले. तव्यावरची पोळी जळली, तो वास मला बराच वेळ कळलाही नाही. तिला मागून मिठी मारली, "काय गं राणी? काय गं माझे बाई? ही बघ आई!" असं सगळं मराठीत, नियम गेला खड्ड्यात. ती माझ्या हातांतून सुटायची धडपड करत होती, पण ते तर ती नेहमीच करायची. 'मम्मी' म्हण म्हणून तिच्या मागे लागलो होतो आणि पोरीने स्वतःहून, कुणी न शिकवता, आपल्या भाषेतला शब्द काढला! रक्ताची ओढ म्हणतात ती हीच, असं मी नवऱ्याला फोनवर ओरडून सांगितलं. मागे मशीनचा आवाज होता, त्याला पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा कळलं. संध्याकाळी इथली खव्याची मावाबाटी घेऊन आला, अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटली. सासूबाईंनी तिकडे देवापुढे साखर ठेवली.

ती रोज म्हणायला लागली. रोज सकाळी, गॅलरीतून, एकदा किंवा दोनदा. मी स्वयंपाकघरातून "ओऽ, आले गं!" म्हणून उत्तर द्यायचे. एवढ्या दिवसांत माझी हिंदी सुधारली, डोकेदुखी थांबली, थेरपिस्टवरचा रागसुद्धा उतरला. मुलगी माझ्याकडे बघून म्हणत नव्हती, हे मला दिसत होतं. पण हावरट माणूस ताटातलं निवडत बसत नाही.

मग शहरातल्या सफाई कामगारांचा संप झाला. कोपऱ्यावर कचरा साठला, सगळी कॉलनी नाक दाबून चालायला लागली, आणि आमची मुलगी बोलायची थांबली. गॅलरीत उभी राहायची, वाट बघायची, आत यायची. मी तिच्याजवळ जाऊन बसायचे, "बोल ना राणी, आई म्हण ना." ती माझ्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघायची. मला वाटलं, आला शब्द गेला. अशा मुलांचं असं होतं, हे थेरपिस्टने सांगून ठेवलं होतं. मी दोन-तीन रात्री नीट झोपले नाही.

संप मिटला. त्या सकाळी मी मुद्दाम गॅलरीतच होते, तिच्या समोर, गजांना पाठ लावून उकिडवी बसलेली, तिचं तोंड बघत. लांबून कचरागाडीचं ते रोजचं गाणं ऐकू आलं. तिचा चेहरा उजळला. तिने हाताने माझं डोकं बाजूला सारलं, रागाने नाही, पडदा सारतात तसं, आणि गाडी वळणावर दिसल्याबरोबर ओरडली, "आईऽ!"

गाड़ी आई. हिंदीतलं 'आई'.

मी तशीच बसून राहिले. खाली बायका डबे घेऊन गाडीकडे धावत होत्या. इतके दिवस मी जिला 'ओ, आले' म्हणून उत्तर देत होते, ती हाक कचरागाडीची होती. मला आधी हसूच आलं, खरं सांगते. मावाबाटी आठवली, देवापुढची साखर आठवली. मग हसू कुठल्या कुठे गेलं. मराठी बाईखेरीज दुसऱ्या कुणावर ही वेळ आली नसती. इतर कुणाच्या लेकीने 'आई' म्हटलं असतं तर तिची आई म्हणाली असती, हो गाडी आली, आणि आपल्या कामाला लागली असती.

नवऱ्याला त्या दिवशी सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. "कदाचित दोन्ही असेल," म्हणाला. मी म्हटलं, "दोन्ही नाही रे." सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांना त्यांचा शब्द राहू दे.

सेंटरवर मात्र मी सरळ थेरपिस्टच्या खोलीत शिरले. तिने ऐकून घेतलं आणि टाळीच वाजवली. "मम्मी! ये तो बहुत बड़ी बात है! क्रिया है ये, वर्ब! हम खिलौना गाड़ी से यही करा रहे थे, गाड़ी आई, गाड़ी गई. उसने अपने आप सही जगह पर बोला!"

"आपको क्रिया मिली," मी म्हटलं, "मेरी आई गई."

वाक्य बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. पण थेरपिस्टला माझी 'आई' म्हणजे कुठली, हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा हात टाळी वाजवायच्या जागीच राहिला. मग मी जे बोलत सुटले ते मराठीतच. तुम्ही माझी भाषा काढून घेतलीत, मी माझ्या पोरीशी नोकराशी बोलावं तसं तुटक बोलते, तिला माझं एक गाणं माहीत नाही, माझं एक लाडाचं नाव माहीत नाही, आणि का, तर तुम्हाला सोपं जावं म्हणून! तिला यातलं निम्मंही समजलं नसेल. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "मम्मी, शुक्रवार को बड़ी डॉक्टर स्क्रीन पर आती हैं. उनसे पूछेंगे. दोनों पूछेंगे."

शाखा निघाली तरी तज्ज्ञ डॉक्टर काही शाखेबरोबर उगवत नाहीत. लांबच्या शहरातल्या एक बाई ठरावीक दिवशी लॅपटॉपवर यायच्या आणि अडलेल्या मुलांविषयी सल्ला द्यायच्या. पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट. चित्र मधूनच गोठायचं. त्यांनी मुलीला थोडा वेळ खेळताना पाहिलं आणि मग मला विचारलं, "आप इससे किस भाषा में बात करती हैं?"

मी सांगितलं.

"किसने कहा छोड़ने को?"

थेरपिस्ट माझ्या शेजारीच होती. मान खाली घालून म्हणाली, "मैडम, हमको तो यही सिखाया गया था."

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पूर्वी बऱ्याच ठिकाणी असं सांगितलं जायचं. पण दोन भाषांनी अशी मुलं जास्त गोंधळतात असं नाही. आई जी भाषा सहज बोलते, न अडखळता, भरभरून, तीच मुलाला हवी असते. सेंटरवर हिंदी चालू द्या, घरी मराठी बोला. एवढं साधं. चहाला साखर किती, असं सांगावं इतकं सहज त्या बोलल्या आणि चित्र पुन्हा गोठलं. मला कुणावर तरी चिडायचं होतं. पण चिडायला समोर होतं कोण? दमलेली एक मुलगी, जिला चुकीचं शिकवलं होतं, आणि गोठलेला एक चेहरा, जो बरोबर सांगत होता. राग घेऊन मी घरी आले.

आणि घरी येऊन मराठी बोलायला लागले. वाटलं होतं, बांध फुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. न्हाऊ घालताना "अगं माझी छकुली" म्हणून सुरुवात केली, तर मुलीने ओला हात माझ्या तोंडावर ठेवला. आवाज तोच, शब्द वेगळे, हे तिला सोसेना. "पाणी घे" म्हटलं तर ढिम्म. "पानी लो" म्हटलं की पेला हातात. माझ्या लेकीला माझी भाषा परकी होती. नवरा म्हणाला, "हळूहळू होईल." होईलही. पण त्या दिवसांत मला घरात जितकं एकटं वाटलं तितकं हिंदीच्या काळातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान एक बंद दार होतं, त्यामागे काहीतरी आहे असं वाटायचं. आता दार उघडून मी आत उभी होते आणि कुणी ओळख देत नव्हतं.

त्याच सुमारास थेरपिस्टने मला गळ घातली. सेंटर आता रायसेनच्या पुढच्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस जाणार होतं, म्हणजे तिथल्या बायांना पहाटेची बस धरायला नको. थेरपिस्ट एक, मुलं ढीगभर. ती एका मुलाला बघत असताना बाकीच्या आयांशी कुणीतरी बोलायला हवं होतं. "आप चलिए ना, मम्मी. आप ग़ुस्से में बहुत अच्छा समझाती हैं." हे कौतुक की टोमणा, ते मी विचारलं नाही. शनिवारी नवऱ्याला सुट्टी असायची. मुलीला त्याच्याजवळ ठेवून मी गेले.

तिथे एका खोलीत सतरंजीवर बाया बसल्या होत्या. मी त्यांना खेळातून बोलणं कसं काढायचं ते दाखवत होते, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांत. माझ्या चुकलेल्या लिंगांवर त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या, त्यामुळे आमचं लवकर जमलं. एकीने हळूच विचारलं, "बहनजी, हम तो घर में गाँव की बोली बोलते हैं. वो छोड़ दें का?"

"बिलकुल नहीं," मी इतक्या जोरात म्हटलं की आतली थेरपिस्ट बाहेर डोकावली. "जिस भाषा में बच्चे को डाँटते हो ना, उसी में बोलो. लाड़ भी उसी में करो. किसी के कहने पर मत छोड़ना."

ती खूश झाली. मग तिने साहजिकपणे विचारलं, "आपकी बिटिया आपको क्या कहके बुलाती है?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आशा हवी होती, आणि मावाबाटीच्या दिवसांतला शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी म्हटलं, "अभी नहीं बुलाती." त्या बाईने आपल्या मुलाच्या हातातला चेंडू काढून माझ्याकडे गडगडत सोडला, मी तो परत सोडला, आणि मुलगा बघत राहिला.

संध्याकाळी घरी पोचले. दार नवऱ्याने उघडलं. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं मुलगी पडली की काय.

"बोलली," तो म्हणाला.

"कचरागाडी?"

"नाही गं. तू सकाळी गेलीस ना, दार ओढून घेतलंस. ती खोलीतून बाहेर आली. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. गॅलरीत बघितलं. मग दारापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मम्मी गई."

मी चप्पल काढायची विसरले. "नीट ऐकलंस?"

"दोनदा म्हणाली. मम्मी गई. दाराला हात लावून."

मला कचरागाडीने शहाणं केलं होतं. मी म्हटलं, सेंटरवर आई-गईचा खेळ चालतो, तो आठवला असेल. नवरा म्हणाला, असेल. आम्ही दोघंही खोलीत डोकावलो. ती चमचे मांडत होती. मी समोर जाऊन बसले, म्हटलं, "मम्मी आली. बघ, आई आली." तिने माझा हात मनगटाला धरला, लांबचा एक चमचा त्या हाताने उचलवला आणि ओळीत ठेवला. हात सोडून दिला.

मी घरात असले की ती म्हणत नव्हती. कशाला म्हणेल? समोर असलेल्या माणसाबद्दल तिला काही सांगायचं नव्हतं. पुढच्या शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने पुन्हा तेच सांगितलं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो म्हणाला, मी नको म्हटलं. माझ्या मुलीने मला हाक मारावी आणि ती मी खोक्यातून ऐकावी, हे मला नको होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी पिशवी घेतली, चप्पल घातली, नेहमीसारखं दार ओढून घेतलं. जिना उतरले नाही. दाराबाहेर, पायपुसण्यावर, श्वास रोखून उभी राहिले. खाली रस्त्यावर सेंटरची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. आत अनवाणी पावलं स्वयंपाकघराकडे गेली, तिथून गॅलरीकडे, मग दाराकडे आली. दाराला तळहात टेकल्याचं मला ऐकू आलं. आमच्या दोघींच्या मध्ये लाकडाची एक फळी होती.

"मम्मी," माझी मुलगी म्हणाली. मग थांबून, "गई."

माझा हात कडीवर होता. दार उघडलं असतं तर ती मला दिसली असती, आणि गप्प झाली असती. मी हात मागे घेतला. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आत ती पुन्हा म्हणाली, आणि मी तिथेच उभी राहून ऐकत राहिले.